प्रतिसाद: ब्लॅडर २ लिटरची की ३?

तुम्ही विचारलंय, पुणे-महाबळेश्वर सायकलने जाण्यासाठी ब्लॅडर (पाठीवरच्या बॅगेत ठेवायची, नळीने पाणी प्यायची पिशवी) ३ लिटरची घ्यावी का. माझं मत २ लिटरचीच घ्या. ३ लिटर म्हणजे पाठीवर ३ किलो, आणि पसरणी घाट चढताना ते खांद्यांना आणि कमरेला चांगलंच जाणवतं. वाटेत पाणी भरून घेता येतं. फ्रेमवर एक बाटली ठेवाच, कारण ब्लॅडरमध्ये किती उरलंय ते दिसत नाही. खंबाटकी चढताना माझी नळी अचानक कोरडी पडली होती, तेव्हापासून बाटलीशिवाय निघत नाही.

तोंड रुंद असलेलीच बघा, आत हात गेला पाहिजे. भरल्यावर ती उलटी धरून नळीतून हवा ओढून काढा, म्हणजे पाणी डुचमळत नाही. प्यायल्यावर नळीत फुंकर मारून पाणी परत आत ढकला. नाहीतर उन्हात पहिला घोट गरम येतो.

आणि कृपा करून त्यात लिंबू सरबत किंवा इलेक्ट्रॉल भरू नका, ते बाटलीत. माझ्या नळीत आठवड्याभरात काळी बुरशी धरली होती. घरी आल्यावर खाण्याचा सोडा घालून धुवा, नळी वेगळी काढून टांगा. पिशवीत एखादा चमचा आडवा अडकवला की ती आतून नीट सुकते.