माहेरच्या कापड दुकानाच्या वह्या सापडल्यात, चिठ्ठ्यांवरची अक्षरं कशी वाचायची?

कऱ्हाडची_लेक

माझं माहेर कऱ्हाडचं. पणजोबांनी काढलेलं कापडाचं दुकान धाकट्या काकांनी यंदा आवरायला घेतलंय. चुलतभावंडांपैकी कुणी गल्ल्यावर बसणारं उरलं नाही. माळा झाडताना लाल बांधणीच्या वह्यांची चवड निघाली. जुन्या मोडीत, पुढच्या बाळबोध. घरच्यांपुरती एक पुस्तिका करावी असं मनात आहे, पण वह्या उघडल्या की डोकं चालेनासं होतं.

काही ताक्यांना अजून चिठ्ठ्या टाचलेल्या आहेत. त्यांवर आकडा नाही, नुसती अक्षरं: ‘मन’, ‘हल’, कुठे ‘लप’. काकांना विचारलं तर म्हणतात, “ते दुकानातलं आहे.” म्हणजे विषय संपला. दुकान मिटतंय तरी सांगायचं नाही! शिवाय पन्नासच्या आधीच्या वहीत ‘कंट्रोल’ म्हणून वेगळं खातं आहे, आणि नंतरच्या कितीतरी वर्षांच्या बिलांवर विक्रीकराचा मागमूस नाही. आमचे लोक कर चुकवत होते की काय, अशी शंका भावाला येतेय. कुणाच्या घरी हा धंदा होता का?

बार्शीवाला

ताई, ‘दुकानातलं आहे’ हे अगदी आमच्या आप्पांचं उत्तर. ती अक्षरं म्हणजे खरेदीचा भाव. गिऱ्हाइक समोर बसलेलं असताना पोऱ्यानं “आपल्याला कितीला पडलंय?” असं विचारायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक दुकानाचं स्वतःचं एक वाक्य असे. दहा अक्षरं, एकही दोनदा नको. पहिलं म्हणजे एक, दहावं म्हणजे शून्य. आमचं दुकान मिटून बरीच वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही: ‘गुरुकृपे लाभ सदा होय’. काना-मात्रा सोडून द्या. ग र क प ल भ स द ह य. मीटरला चौदा रुपये पडलेल्या मालावर ‘गप’ असं लिहिलेलं असायचं. नवा पोऱ्या ते मोठ्यानं वाचायचा आणि आप्पा म्हणायचे, “तेच कर.”

तुमचं वाक्य शोधायचं तर ज्यांच्याकडून ठोक माल यायचा त्या पेढ्यांची जुनी बिलं काढा. मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटातली असतीलच. बिलाचा दर आणि चिठ्ठीचा भाव तंतोतंत जुळणार नाही, चिठ्ठीवरचा थोडा चढा असेल, कारण हमाली, दलाली, भाडं धरून घरात पडलेला भाव लिहायचा. आमच्या गाठी मोठ्या लाइनीनं कुर्डुवाडीपर्यंत यायच्या, तिथं उतरवून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत चढवायच्या. त्या चढउताराची हमाली वहीत वेगळी लावलेली आहे. दुसरं म्हणजे, 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. त्याआधीच्या चिठ्ठीत रेघेनंतर जे येतं ते आणे. तो आकडा पंधराच्या वर जात नाही, एवढं धरलं तरी बरीच अक्षरं आपोआप गळतात.

कंट्रोल म्हणजे युद्धातलं कापड नियंत्रण. 1943 ला हुकूम निघाला. मिलनं कापडावरच जास्तीत जास्त विक्रीभावाचा शिक्का मारायचा आणि त्यावर एक पै घ्यायची नाही. पुढे कार्डावर कापड. 1948 च्या सुरुवातीला कंट्रोल उठवला, भाव भडकले, आणि त्याच वर्षी परत बसवला. तुमच्या वहीत ते खातं मध्येच तुटून पुन्हा सुरू झालेलं दिसलं तर चक्रावू नका. त्या काळात कुणाला किती वार दिलं, हे नीट बघा मात्र. पुस्तिकेत सगळेच आजोबा सज्जन असतात, वहीत तसं नसतं.

कराचं भावाला सांगा, कुणी काही चुकवलं नाही. 1957 च्या कायद्यानं कापड, साखर आणि तंबाखूवर राज्याच्या विक्रीकराऐवजी जादा उत्पादनशुल्क लावलं. ते मिलकडेच वसूल व्हायचं, म्हणून दुकानाच्या बिलावर काही नाही. 2017 ला जीएसटी आला, पाच टक्के बसले, तेव्हा कित्येक म्हाताऱ्या दुकानदारांनी आयुष्यात पहिल्यांदा कराचं बिल फाडलं.

आता न विचारलेलं सांगतो. पुस्तिका लिहिताना स्थापनेचं साल, पणजोबांचा फोटो, उद्घाटनाला कोण आलं, यात अडकू नका. खतावणी वाचा, म्हणजे गिऱ्हाइकवार उधारी-जमेची वही. आमच्याकडे रब्बी ज्वारीचा मुलूख. खळं झालं की गिऱ्हाइक उधारी चुकती करायचं, आणि लगेच लग्नाचा बस्ता बांधायला तेच परत यायचं. एका बस्त्याला दोन्हीकडची माणसं ट्रॅक्टर भरून. गादीवर पांढरी चादर, लोड, चहा, दुपारचं जेवणही दुकानाकडूनच. पहिलं हळदीचं पातळ काढायचं, त्याला कुंकू लावायचं, मग शालू, मग आहेराची पातळं, टॉवेल-टोप्या, व्याह्याचा फुल पोशाख. नवरीची आत्या हमखास रुसायची. तिच्यासाठी एक बरं पातळ आप्पा मांडीखाली दाबूनच बसायचे, शेवटी काढायचे.

1972 च्या दुष्काळातली खतावणी उघडली की नावे बाजू भरलेली आणि जमा बाजू पानंच्या पानं कोरी. माणसं खडी फोडायला गेलेली, घरात रेशनची मिलो ज्वारी, कापड कोण घेतो? त्या वर्षी विक्री झाली ती मांजरपाटाची, म्हणजे मयताला लागणाऱ्या जाड्याभरड्या कापडाची. मयताच्या कापडाचा आमच्याकडे दंडक होता: रात्री कितीही वाजता कुणी कडी वाजवली तरी फळी काढायची, भाव बोलायचा नाही, कात्री न लावता हातानं फाडून द्यायचं, आणि ज्याच्याकडे पैसे नसतील त्याच्या खात्यावर ते चढवायचं नाही. सगळं धर्मादाय खात्यात. तुमच्याकडेही धर्मादाय खातं असेल तर ते आधी वाचा.

दुकानं कशानं मिटली, यावर लोक मॉल म्हणतात, ऑनलाइन म्हणतात, जीएसटी म्हणतात. मी म्हणतो, शिंपी उठला तेव्हाच आमचं संपलं. आमच्या ओट्यावर एकाचं मशीन होतं. गिऱ्हाइकाकडे नुसतं बघून तो आतल्या माणसाला सांगायचा, याला सव्वादोन मीटरमध्ये शर्ट बसतो, त्याला अडीच लागेल. शिलाईच्या पैशात तयार शर्ट मिळायला लागला आणि त्याच्या पोरांनी मशीनला पाय लावला नाही. मग ताका कुणासाठी ठेवायचा?

इचलकरंजीकर

शिंप्याचं पटतंय, पण मधला एक टप्पा सुटला. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मिलचा शिक्का असलेला माल आटला आणि तालुक्याच्या दुकानांत इचलकरंजी, भिवंडी, मालेगावचा पॉवरलूमचा, म्हणजे यंत्रमागाचा माल भरला गेला. आमच्या गावात पहिला पॉवरलूम 1904 ला विठ्ठलराव दातारांनी बसवला, पण कापड दुकानदार बरीच वर्षं आमच्या मालाला नाक मुरडायचे. संपानंतर मुरडायला नाकच उरलं नाही! ताई, 1982 च्या आधीची आणि नंतरची खरेदी शेजारी शेजारी ठेवा. पेढ्यांची नावं बदललेली दिसतील, उधारीच्या मुदतीही.

सुईदोरा

सगळे आप्पा, काका आणि पणजोबाच चाललेत. आमच्या घरचं दुकान ऐंशीनंतर तगलं ते सासूबाईंच्या मॅचिंग सेंटरमुळे. दुकानाच्या कोपऱ्यात तीन फुटांची जागा मागून घेतली होती त्यांनी. टू बाय टू रुबियाच्या, म्हणजे ब्लाउजच्या कापडाच्या, रंगारंगांच्या घड्या, अस्तर, फॉल, परकराचं कापड. सासरे म्हणायचे, ऐंशी सेंटिमीटरच्या तुकड्यात काय मिळणार? पण साडी वर्षातून एकदा घेणारी बाई ब्लाउजपीसला चारदा येते, आणि ते रोखीनं. साडीचा पदर दारात उजेडाला धरून सासूबाई आठ हिरव्यांतला नेमका एक काढायच्या, ट्यूबलाइटखाली कधीच रंग ठरवायच्या नाहीत. यातलं वहीत एक अक्षर नाही, कारण ते पैसे डब्यात जायचे. कऱ्हाडच्या ताईंनी आजीचा डबा कुठे होता ते विचारावं. आणि शिंपी उठला हे पुरुषांच्या कपड्यांचं खरं. ब्लाउज शिवणाऱ्या बायका आजही गल्लोगल्ली आहेत, म्हणून आमचा कोपरा अजून चालू आहे.

कऱ्हाडची_लेक

किती लिहिलंत सगळ्यांनी! बिलांचं एक बाड सापडलं, काल रात्री चिठ्ठ्या घेऊन बसले. शेवटी नेहमी येणारा ‘न’ शून्य ठरला. मग म एक, ह तीन. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा, तेव्हा ल आणि र घालून ‘मल्हार’ धरून पाहिलं. ‘हल’ची चिठ्ठी असलेला सुटाच्या कापडाचा ताका बिलात एकतीस रुपयांना आहे, म्हणजे बत्तीस बरोबर बसतात. पाचपासून नऊपर्यंतची अक्षरं अजून लागत नाहीत, ‘प’ त्यांतलंच एक. काकांसमोर सहज “मल्हार” म्हटलं तर पानाचा डबा उघडत म्हणाले, “तुला कुणी सांगितलं?”

आजीचा डबा होता म्हणे, तांदळाच्या कणगीत. आईला माहीत होतं.

बार्शीवाला

पाच ते नऊ काकाच सांगतील आता, दोन दिवस जाऊ द्या. फक्त चिठ्ठीचा भाव आणि विक्रीचा भाव शेजारी मांडून पुस्तिकेत छापू नका. अर्धं कऱ्हाड अजून तुमच्याकडनं घेतलेल्या कापडाचा हिशोब मागायला येईल.