अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमध्ये पगार ठरतो कशावर, खेळावर की करारावर?

रानवारा: २०१४-१५ मध्ये स्टीफन करी एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याच्या गोल्डन स्टेट संघाने विजेतेपदही पटकावलं. त्याचा पगार होता सुमारे १.०६ कोटी डॉलर. पुढच्याच वर्षी क्लीव्हलंडचा संघ जिंकला, तेव्हा त्यांचा टिमोफे मोझगोव्ह अंतिम मालिकेत बहुतेक वेळ बाकावर होता. तरी २०१६ च्या उन्हाळ्यात लेकर्स संघाने त्याला चार वर्षांचे ६.४ कोटी दिले! का? नव्या टीव्ही कराराचा पैसा आला आणि संघांची पगारमर्यादा (एका संघाच्या सगळ्या खेळाडूंच्या एकूण पगारावरची मर्यादा) ७ कोटींवरून एकदम ९.४ कोटींवर गेली. खर्चायला पैसा भरपूर, घेण्याजोगे खेळाडू मोजके. करार कोणत्या साली संपतो, त्यावर सगळं ठरतं.

तिसरी घंटा: साफ असहमत. करीने त्या पगाराचा करार केला २०१२ मध्ये. तेव्हा त्याचा घोटा सारखा दुखावत होता, शस्त्रक्रियाही झाली होती. अशा खेळाडूला चार वर्षांचे ४.४ कोटी देताना संघानेही धोका पत्करलाच ना? आणि २०१७ मध्ये त्याच करीला पाच वर्षांचे २०.१ कोटी मिळाले. खेळाचं मोल उशिरा का होईना, मिळतंच.

रानवारा: तेही कमीच. १९९७-९८ मध्ये संघाची मर्यादा २.६९ कोटी असताना एकट्या मायकल जॉर्डनला ३.३१ कोटी मिळाले. आपल्याच खेळाडूला राखताना मर्यादा ओलांडायची मुभा होती. मग संघमालकांनी टाळेबंदी करून खेळ बंद पाडला आणि १९९९ च्या मालक-खेळाडू करारात प्रत्येक खेळाडूच्या पगारालाच कमाल मर्यादा बसली. आज अनुभवानुसार संघाच्या पगारमर्यादेच्या २५, ३० किंवा ३५ टक्के. अव्वल खेळाडूचा पगार तिथेच अडतो, उरलेला पैसा मधल्या फळीकडे जातो.

माळरान: जाऊ दे की! एकूण उत्पन्नातला जवळपास निम्मा वाटा खेळाडूंनाच मिळतो आणि हा करार त्यांच्या संघटनेनेच केलाय. पाचदहा तारे सोडून बाकीच्यांचं भलं होत असेल तर बिघडलं कुठे?

सायली_प: मग डब्ल्यूएनबीएचं, म्हणजे महिलांच्या लीगचं काय? केटलिन क्लार्क २०२४ मध्ये आली आणि तिच्या इंडियाना संघाच्या सामन्यांना विक्रमी गर्दी झाली. तिचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर, नवोदितांच्या ठरलेल्या पगारतक्त्यानुसार.

तिसरी घंटा: ती लीग कित्येक वर्षं तोट्यात होती. उत्पन्नच नाही तर पगार कुठून येणार?

सायली_प: २०२४ मध्येच पुढच्या ११ वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांचा २.२ अब्ज डॉलरचा करार झाला, तो विसरलात? जुलै २०२५ च्या ऑल-स्टार सामन्याआधी खेळाडू ‘आमचं देणं द्या’ अशा अर्थाचे टी-शर्ट घालून उतरल्या. एनबीएइतका पगार त्या मागत नव्हत्याच. वाढत्या उत्पन्नात ठरलेला वाटा द्या, एवढंच मागणं होतं.