तिरफळाला पांढऱ्या टेबलक्लॉथवर जागा का नाही?

मांडवीकाठ:
गोव्यातल्या उंची रेस्टॉरंटांचा विषय निघाला की सगळे १९७४ पासून सुरुवात करतात, म्हणजे सिकेरीला ताज फोर्ट आग्वाद उघडलं तिथून. पणजीचं मांडवी हॉटेल १९५२ चं, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या वर्षातलं. त्याचं नाव घाईघाईत घेतलं जातं, आणि १९१३ पासून पातळभाजी-पाव देणारं कॅफे टाटो तर हिशेबातच नाही. ते नसू दे, ती नाश्त्याची जागा. मला खुपतं ते वेगळंच. उंची टेबलावर गोव्याचं जेवण म्हणजे विंदालू, काफ्रेल (हिरव्या मसाल्यातलं चिकन), बेबिंका (थरांचं गोड). आमच्या हिंदू घरचं तिरफळ (उग्र वासाचं मसाल्याचं फळ) घातलेलं हुमण, म्हणजे माशांची आमटी, बांगड्यांची उडदमेथी, चवथीचं खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांची भाजी, मला तिथे क्वचितच दिसलं. निम्म्या गोव्याचं रांधप (स्वयंपाक) बाहेर ठेवून कसला इतिहास?

फोंडेकर:
अजिबात पटलं नाही. मी हॉटेलच्या किचनमध्ये पंधरा वर्षं काढली आहेत. गोव्याचं घरगुती रांधप पंचतारांकित टेबलावर नेलं ते आग्वादच्या शेफ उर्बानो द रेगो यांनी. खानावळीत हात चांगला असलेल्या बाईचं नाव गल्लीबाहेर जात नाही. गोव्याच्या स्वयंपाक्याला नाव आणि मान मिळाला तो या मोठ्या हॉटेलांमुळे. १९८३ साली राष्ट्रकुलाचे नेते आग्वादला उतरले तेव्हा गोव्याचं आतिथ्य जगाने पाहिलं. आणि तिरफळाचं म्हणाल, तर पाहुण्याच्या दाताखाली एक आलं की जीभ बधिर होते, ताट परत येतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सासष्टीची सून:
दादा, ताट परत येतं कारण तिरफळ तसंच वाढलं जातं. माझ्या सासूबाई आतली काळी बी काढून टाकतात, टरफल पाण्यात किंचित ठेचतात आणि हुमण उतरवायच्या आधी पाण्यासकट घालतात. वाटणात कधीच नाही, कडू होतं. वास सगळ्या कढईला लागतो. स्थानिक मालावर उंची जेवण उभं राहतं, हे बाणावलीत शेफ अविनाश मार्टिन्स यांच्या काव्हातिना रेस्टॉरंटने दाखवलंय.

मांडवीकाठ:
फोंडेकर, रेगो यांचं ऋण मान्य, ते मी आधीच लिहायला हवं होतं. पण पाहुण्याला कळत नाही म्हणून पदार्थच गाळायचा, हे मी मानणार नाही. बेबिंकाचे थर वेटर कौतुकाने सांगतो ना? मग वाटी ठेवताना "हे चावू नका, बाजूला काढा" एवढंही सांगू दे.