‘अॅथलेटिक ट्रेनर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

अमेरिकेतल्या अॅथलेटिक ट्रेनरांवरचा एक लेख मराठीत करते आहे. ‘क्रीडा प्रशिक्षक’ लिहिलं की शिट्टी घेतलेला कोच डोळ्यांपुढे येतो. ही माणसं तर आरोग्यसेवेतली. कोणता शब्द घ्यावा? शिवाय ‘रेकग्निशन’साठी त्यांच्या कामाला ‘मान्यता’ म्हणू की कामाची ‘दखल’?

प्रतिसाद

‘प्रशिक्षक’ अजिबात नको. जानेवारी २०२३ मध्ये सिनसिनाटीत भर सामन्यात अमेरिकन फुटबॉलपटू डमार हॅम्लिनचं हृदय बंद पडलं. मैदानावर त्याला सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा उपचार, दिला तो त्याच्या संघाचे, बफेलो बिल्सचे, साहाय्यक अॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी. तिथे ‘साहाय्यक प्रशिक्षक’ छापलं, तर वाचणारा म्हणेल, बरं झालं, कोचला सीपीआर येत होता! ते त्यांचं रीतसर शिकलेलं काम होतं, हेच पुसलं जातं.

प्रश्नकर्ती

‘क्रीडोपचारक’ चालेल?

प्रतिसाद

‘क्रीडोपचार’ म्हणजे खेळातून उपचार, असा अर्थ लोक काढतील. आणि उपचार हा कामाचा एक भाग झाला. दुखापत टाळणं, ती ओळखणं, खेळाडू परत उतरेपर्यंत व्यायाम करून घेणं, सगळं त्यात येतं. घोटा मुरगळला की हाडाच्या मागच्या कडेवर बोटाने दाबून दुखतं का बघतात, चार पावलं टाकायला लावतात, आणि एक्स-रे लागेल का ते ठरवतात. श्रमाने उष्माघात झाला तर नियम असा: आधी थंड करा, मग हलवा. खेळाडूला बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवतात आणि ताप गुदमार्गाने मोजतात, कारण तोंडात किंवा काखेत घेतलेला आकडा अशा वेळी फसवतो. रुग्णवाहिकेची वाट बघण्यातली मिनिटं इथे जिवावर बेततात.

प्रतिसाद

सरळ ‘फिजिओ’ लिहा की. सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद

कळतं, पण पेशा वेगळा आहे. अॅथलेटिक ट्रेनरांची राष्ट्रीय संघटना १९५० पासूनची, परीक्षा वेगळी, आणि आता या पेशात शिरायला पदव्युत्तर पदवी लागते. म्हणून ‘आरोग्यसेवक’ही मला तोकडा वाटतो. ‘क्रीडा-आरोग्यतज्ज्ञ’ घ्यावा. यातले काही जण सैन्यात, कारखान्यांत, नृत्यसंस्थांतही असतात, तिथे ‘क्रीडा’ जरा ताणावं लागतं; पण मूळ नावातही तीच अडचण आहे.

‘मान्यता’ आणि ‘दखल’ दोन्ही लागतील. १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने हा आरोग्यसेवेतला पेशा मानला, ती मान्यता. तिथे दर मार्चमध्ये त्यांच्या कामाचा महिना पाळतात, ती दखल. मान्यता संस्था देते, दखल कुणीही घेऊ शकतं.

प्रश्नकर्ती

पटलं. पहिल्या उल्लेखात ‘अॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे क्रीडा-आरोग्यतज्ज्ञ’, पुढे नुसतं ‘क्रीडा-आरोग्यतज्ज्ञ’. सुटं ‘ट्रेनर’ कुठेही ठेवत नाही, त्याने जिमच आठवते. शीर्षकात ‘दखल’ घेते.