मदत हवी आहे : २०१२ ची स्विफ्ट 'टोटल लॉस', कंपनीला द्यावी की ठेवून घ्यावी?

मांजराकाठची

नमस्कार मंडळी. गाडी आमच्या अण्णांची, लिहितेय मी.

२०१२ ची स्विफ्ट व्हीडीआय, डिझेल, एमएच-४४ पासिंग, १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेली. जानेवारीत भाऊ रात्री साडेआठच्या सुमारास केजहून अंबाजोगाईकडं येत होता. लोखंडी सावरगावच्या अलीकडं उसाची ट्रॉली टायर बसून रस्त्यातच उभी. रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, मागं दोन दगड आणि थोडं वाढं (उसाचे शेंडे) टाकलेलं. हंगामात आमच्याकडं हाच सिग्नल. समोरच्या गाडीचा फोकस डोळ्यावर, वाढं दिसेपर्यंत ट्रॉली बोनेटवर. भावाच्या हाताला प्लास्टर आहे, बाकी ठीक. पंचनामा झाला, कंपनीला दुसऱ्या दिवशी सकाळी कळवलं.

गाडी लातूरच्या एका वर्कशॉपमध्ये पडून आहे. त्यांचं एस्टिमेट २ लाख ३८ हजार. पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, २ लाख १० हजार. दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेली की टोटल लॉस, असं सर्व्हेअरनं (नुकसान तपासायला आलेला माणूस) सांगितलं. आमची ती रेघ १,५७,५०० वरच संपते.

आता कंपनी म्हणते, गाडी आम्हाला द्या, १ हजार सक्तीची कपात करून २,०९,००० घ्या. नाहीतर गाडी तुमच्याकडं ठेवा, तिची आहे त्या स्थितीतली किंमत ६२ हजार धरतो, ती वजा जाता १,४७,००० मिळतील.

भाऊ म्हणतो ठेवू. त्याचा ओळखीचा मिस्त्री बाजारातले जुने पार्ट टाकून १ लाख ३० हजारात उभी करून देतो म्हणतोय. शिवाय एकजण घरी येऊन गेला, "ताई, आहे तशी द्या, पंच्याहत्तर हजार रोख, फक्त आरसी बुक सोबत द्या." म्हणजे १,४७,००० अधिक ७५,००० केले तर कंपनीपेक्षा १३ हजार जास्तच.

आणि अण्णा. अण्णा एसटीत कंडक्टर होते. जन्म दुसऱ्याच्या गाडीत उभं राहून गेला, म्हणून निवृत्तीच्या पैशातून ही घेतली तेव्हा पहिलं वर्षभर मागच्या सीटवर कोणाला चप्पल घालून बसू दिलं नव्हतं. ते काहीच बोलेनात. गाडी कुठंय एवढंच रोज विचारतात.

कंपनीला शुक्रवारपर्यंत कळवायचंय. काय करावं?

उदगीरकर

ठेवून घ्या. डीडीआयएस इंजिन आहे, तीन लाखाला मरत नाही. आमच्या इकडं याच इंजिनच्या गाड्या वडापला चालायलेत अजून. आणि ट्रॅक्टरवाल्यावर केस टाका, दोन्हीकडून पैसे निघतील.

स्पॅनर

इंजिनचं सोडा हो, धडक कुठं बसली ते महत्त्वाचं. ताई, एस्टिमेटचा कागद बघा. त्यात एप्रन, क्रॉस मेंबर किंवा चेसीचा लेग (पुढच्या सांगाड्याचे भाग) असं काही आहे का? बोनेट, रेडिएटर, लाइट, बंपर हे सगळं बदलता येतं. लेग वाकला असेल तर मिस्त्री तो साखळीनं ओढून, तापवून, वेल्डिंग मारून सरळ करतो. दिसायला सरळ. पुन्हा ठोकर बसली तर तो पत्रा पहिल्यासारखा दबत नाही, धक्का आतल्या माणसाला जातो. तुमच्या मॉडेलला एअरबॅग पण नसणार.

मांजराकाठची

@स्पॅनर, हो. डावा एप्रन आणि 'फ्रंट साइड मेंबर' दोन्ही लिहिलंय. एअरबॅग नाहीत.

स्पॅनर

साइड मेंबर म्हणजे लेगच. मग माझं मत, ठेवू नका.

कागदोपत्री

थोडं सविस्तर लिहितो. मी लातुरात एका सर्व्हेअरकडं नऊ वर्षं काम केलंय, असे कागद रोज हाताखालून गेले.

आधी पंच्याहत्तर हजारवाल्याबद्दल. भंगारातल्या गाडीला सर्व्हेअरपेक्षा १३ हजार जास्त तो कशाचे देतोय? पत्र्याचे नाही. तुमच्या आरसीचे आणि चेसी नंबरचे. चोरीची तशीच पांढरी स्विफ्ट आणायची, तुमच्या गाडीचा नंबर तिच्यावर चढवायचा, कागद खरे. उद्या ती गाडी कुठं नाकाबंदीत सापडली किंवा कुणाच्या अंगावर गेली, तर पोलीस अंबाजोगाईत अण्णांच्या दारात येतील. प्रत्येक खरेदीदार असाच असतो असं नाही, काहीजण नुसते पार्ट काढून विकतात. पण सुटे पार्ट विकणाऱ्याला आरसी लागत नाही. 'फक्त आरसी सोबत द्या' यातला 'फक्त' ऐका.

गाडी ठेवून मोडीत काढायची असेल तर रस्ता असा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि नोंदणी रद्द करून घ्यायची. चेसी नंबरचा तुकडा कापून जमा करायला सांगतात. मोडीत सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रातच द्यायची, तिथं 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं. ते दाखवलं तर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते, मोटार करातही सवलत आहे. पण सरकारी धोरणात भंगाराचा भाव नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरलाय. सहा लाखाची गाडी धरली तरी २४ ते ३६ हजार. तुमच्याकडून कंपनी ६२ कापणार, हातात ३६ येणार. हा सौदा तोट्याचाच.

राहिली दुरुस्ती. १,४७,००० मधून १,३०,००० मिस्त्रीला गेले, उरले १७. (मिस्त्रीचा आकडा गाडी उघडल्यावर वाढतो, हे भावालाही माहीत असेल.) टोटल लॉस दिल्यावर चालू पॉलिसी तिथंच संपते. थर्ड पार्टी विमा मिळेल, पण स्वतःच्या नुकसानीचा पुन्हा घ्यायला गेलात की कंपन्या तपासणी मागतात आणि बहुतेक नाहीच म्हणतात. आणि गाडी २०१२ ची आहे. १५ वर्षं २०२७ ला भरतात. तेव्हा तपासणी, ५ हजार फी आणि पुढं पाच वर्षांचं पासिंग. वेल्डिंग मारलेला लेग घेऊन त्या दारात उभं राहायचं का, ते तुम्ही ठरवा.

@उदगीरकर, एकाच नुकसानीचे दोनदा पैसे मिळत नाहीत. भावाच्या हाताच्या दुखापतीचा दावा वेगळा, तो ट्रॅक्टरच्या विम्याकडं मागता येईल. त्यासाठी पंचनाम्यात ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा नंबर आहे का ते आजच बघा.

बालाघाट

वरच्यांशी सहमत, एक जोडतो. ६२ हजार हा आकडा आला कुठून, ते ईमेलवर विचारा. कोणीतरी बोली लावलेली असणार. तो माणूस ६२ देऊन खरंच गाडी उचलणार असेल तर कंपनीनंच त्याला द्यावी, तुम्ही मध्ये कशाला? माझ्या मेव्हण्यानं एवढंच विचारलं तर आकडा ७० चा ५५ झाला होता.

मांजराकाठची

खूप आभार. तेरा हजारांचं गणित मी घरात सगळ्यांना करून दाखवलं होतं, आता तोंड लपवतेय.

म्हणजे कंपनीला द्यायची. पण दोन अडचणी आहेत. गाडीवर कर्ज होतं, ते २०१७ लाच फिटलंय, पण आरसीवर अजून बँकेचं नाव आहे. आणि वर्कशॉपवाले रोजचे ३०० रुपये पार्किंग लावायलेत.

कागदोपत्री

बँकेचं काम पहिलं करा. बोजा उतरल्याशिवाय पैसे अण्णांच्या खात्यात येणार नाहीत. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या, एनओसी तीन महिनेच चालते, म्हणून घेतली की लगेच लावा. गाडीवर चलन बाकी असतील तर तीही भरून टाका.

कंपनीला देताना लेखी घ्या की गाडी कोणत्या तारखेला ताब्यात घेतली, आरसी रद्द होणार की खरेदीदाराच्या नावावर होणार आणि ते कोण करणार. नावावर होणार असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या देऊ नका, खरेदीदाराचं नाव भरल्यावरच सही. पुढं आरटीओच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून अधूनमधून बघत राहा. फास्टॅगही बंद करायला विसरू नका.

पार्किंगचं म्हणाल तर आजच कंपनीला ईमेल टाका, "निर्णय कळवला आहे, गाडी उचला." त्या तारखेनंतरचं भाडं कोणाच्या डोक्यावर, यावर भांडायला तेवढाच कागद कामाला येतो. कंपनीनं ३० दिवसांत तक्रारीला उत्तर दिलं नाही तर विमा लोकपाल आहे, आपल्याला पुण्याचं कार्यालय. फी लागत नाही.

आणि गाडीतलं सामान काढून घ्या, पण सर्व्हेअरच्या फोटोत जे दिसतंय त्याला हात लावू नका. ताबा देताना कमी निघालं की तेवढे पैसे कापतात.

मांजराकाठची

शेवटचं वाक्य वाचून घाम फुटला. भावानं मागच्या आठवड्यातच नवी बॅटरी काढून घरी आणलीय. डिसेंबरात टाकली होती, "फुकट कशाला द्यायची" म्हणून.

कागदोपत्री

परत बसवा. आणि फोटो काढून ठेवा.

मांजराकाठची

अपडेट : बँकेनं एनओसी सोमवारी देतो म्हणलंय. पंचनाम्यात ट्रॅक्टरचा नंबर आहे, ट्रॉलीचा नाही, त्यासाठी भाऊ ठाण्यात गेला होता. कंपनीला गाडी देतो म्हणून ईमेल टाकली, ६२ हजारांचं विचारायची आता गरजच उरली नाही.

बॅटरी घेऊन काल लातूरला गेलो, अण्णाही आले. भाऊ बॅटरी बसवत होता तोवर ते मागच्या सीटवर बसून होते. चप्पल बाहेर काढून.