मदत हवी आहे : ऑटो ड्रेन बसवल्यापासून फिल्टर लवकर ओला होतोय

नमस्कार मंडळी. श्वसनाच्या हवेचे सिलिंडर भरायला आमच्याकडे तीन स्टेजचा, ३०० बारचा कॉम्प्रेसर आहे. मिनिटाला साधारण २०० लिटरचा. भरणाऱ्याचं लक्ष सिलिंडरच्या गेजवर असतं आणि दाबामुळे साचलेलं पाणी काढायचा ड्रेन राहून जातो, म्हणून आपोआप उघडणारा ऑटो ड्रेन बसवून घेतला. दर १५ मिनिटांनी सहा-सात सेकंद उघडतो. मोटर थांबली की उघडाच राहतो, त्यामुळे मशीन पुन्हा बिनलोड सुरू होतं. इथवर झकास.

पण तेव्हापासून हवा सुकवणारं, फिल्टर टॉवरमधलं कार्ट्रिज लवकर संपतंय. ओलाव्याची निळी पट्टी वेळेआधीच गुलाबी पडते. बसवणारे म्हणाले, ड्रेनची वेळ वाढवा. वाढवली, फरक शून्य. उलट ड्रेन उडाला की फिल्टर टॉवरचं गेजही खाली येतं आणि दाब चढेपर्यंत भरणं अडतं. ड्रेनच्या बाटलीत दुधाळ, तेलकट पाणी भरपूर जमतंय. मग ओलावा पुढे जातोच कसा?

प्रतिसाद १ :
टॉवरचं गेज पडतंय, मेख तिथेच आहे. शेवटचा सेपरेटर (हवेतलं पाणी-तेल वेगळं करणारं भांडं) आणि टॉवर यांच्यामध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, तो हवा उलटी येऊ देत नाही. ड्रेन उघडल्यावर फक्त सेपरेटर रिकामा व्हायला हवा. तुमचा नॉन-रिटर्न गळत असणार, म्हणजे सुकवलेली हवा उलटी फिरून ड्रेनमधून जातेय. वर टॉवर दर वेळी कमी दाबापासून भरतो, आणि दाब कमी असला की हवेतलं पाणी सेपरेटरमध्ये पुरतं निघत नाही, वाफ होऊन मॉलिक्युलर सिव्हवर (कार्ट्रिजमधले ओलावा शोषणारे दाणे) जातं. टॉवरच्या पुढचा प्रेशर मेंटेनिंग व्हॉल्व्ह दाब धरून ठेवतो तो याचसाठी, पण मागून गळती असेल तर तो काय करणार?

सिलिंडर काढा, दाब पूर्ण चढवा, मोटर बंद करा. ड्रेन उघडल्यावर टॉवरचं गेज जागेवर राहायला हवं. उतरलं तर नॉन-रिटर्नची सीट आणि ओ-रिंग बघा. खोलण्याआधी टॉवर शून्यावर आणायचा, हे सांगायला नकोच.

प्रतिसाद २ :
सहमत. टायमरला उगाच दोष देऊ नका. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरली तर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम पाणी येतं. तुमचं मशीन तासाला १२ घनमीटर ओढतं, म्हणजे पाव तासाला सत्तरेक ग्रॅम. तेवढं बाहेर फेकायला सहा सेकंद पुष्कळ झाले. दमट हवेत वाटलं तर दोन ड्रेनमधलं अंतर कमी करा, उघडण्याची वेळ नको. आणि ते तेलकट पाणी गटारात सोडू नका.

मूळ प्रश्नकर्ता :
तसंच निघालं! मोटर बंद केल्यावर गेज सरळ उतरत गेलं. सीटवर टेफ्लॉन टेपचा बारीक तुकडा अडकला होता, बहुधा ड्रेनच्या फिटिंगमधला. साफ केलं, नवी ओ-रिंग घातली, आता काटा हलत नाही. आत्ताचं कार्ट्रिज सुकवून चालेल का?

प्रतिसाद १ :
अजिबात नको. त्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड काढून टाकणारं हॉपकॅलाइट असेल तर ते ओलं झालं की कामातून जातं, आणि या वायूला ना वास ना रंग. नवं घाला आणि सिलिंडर भरण्याआधी हवा तपासून घ्या. श्वसनाच्या हवेच्या ईएन १२०२१ या युरोपीय मानकात कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या हवेसाठी पाण्याची मर्यादा घनमीटरला २५ मिलिग्रॅम आहे.