धाकट्या भावासाठी मराठीतून चालणारी एए मीटिंग मुंबईत कशी शोधावी?

भांडुपची ताई

माझा धाकटा भाऊ लोअर परळच्या एका छापखान्यात नोकरीला आहे. गेल्या काही वर्षांत त्याचे पिणे इतके वाढले आहे की सकाळी चहाचा कप धरतानाही हात थरथरतात आणि थोडी पोटात गेल्याशिवाय ती थरथर थांबत नाही. गणपतीनंतर त्याने स्वतःहून "एकदा मीटिंगला जाऊन बघतो" असे म्हटले; मीटिंग म्हणजे एएची, अर्थात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची. घराजवळ कोणी ओळखीचे भेटेल अशी त्याला धास्ती आहे, आणि इंग्रजीत बोलावे लागेल या विचाराने तो आणखीच मागे सरतो. मीटिंग कशी शोधावी, तेथे नेमके काय होते आणि मी सोबत गेले तर चालेल का? दुसरे असे की, कोणाला न कळत दारू सोडवणारी पावडर मिळते अशी जाहिरात आईने लोकलच्या डब्यात वाचली आहे आणि ती आणण्याचा तिचा आग्रह आहे. तिला काय सांगू?

दादरचा एक सदस्य

ताई, त्याने विषय स्वतः काढला आहे, तेव्हा दिवस घालवू नका. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या भारतातील संकेतस्थळावर मीटिंगची माहिती आणि हेल्पलाइनचे क्रमांक मिळतात. मुंबईत मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांतून मीटिंग चालतात, म्हणून फोन करताना मराठी समूहच विचारा. बऱ्याच मीटिंग शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या सभागृहात भरतात, त्यामुळे सुट्टीच्या दिवसांत जागा उघडी आहे ना याची आधी खात्री करून घ्यावी.

घराजवळ नको असेल तर सुरुवातीला परळ-दादरकडचा समूह धरावा. कामावरून सुटल्यावर, ज्या वेळी पावले बारकडे वळतात नेमक्या त्याच वेळी तो मीटिंगमध्ये बसलेला असेल, आणि माझ्या मते संध्याकाळच्या मीटिंगचा खरा उपयोग हाच आहे. ओळखीचा कोणी भेटलाच तर तोही त्याच कामासाठी आलेला असतो, आणि तेथे दिसलेली व्यक्ती व ऐकलेले बोलणे बाहेर न्यायचे नाही, हा सगळेच पाळतात तो नियम आहे.

मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. एकेक जण पहिले नाव सांगून स्वतःचा अनुभव मांडतो. मध्ये कोणी टोकत नाही, उपदेश करत नाही. नवीन माणसाने नुसते ऐकले तरी चालते. आडनाव, पत्ता, जात, नोकरी यांची चौकशी होत नाही. फी नाही; शेवटी फिरणाऱ्या थैलीत सदस्य स्वेच्छेने पैसे टाकतात, नवख्याकडून ती अपेक्षा नसते. ही चळवळ 1935 साली अमेरिकेत सुरू झाली. सदस्यत्वाला एकच अट आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. खुल्या मीटिंगला आपण सोबत बसू शकता, बंद मीटिंग मात्र फक्त पिणाऱ्यांसाठी असते. पहिला समूह मनाला पटला नाही तर दुसरा बघावा. एका मीटिंगवरून निर्णय करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

एक परिचारिका

सकाळची थरथर वाचून मला काळजी वाटली. अशा माणसाने घरच्या घरी दारू एकदम तोडणे धोक्याचे असते: पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होणे, माणसे न ओळखणे, ताप चढणे असा जीवघेणा प्रकार उद्भवू शकतो. त्यामुळे आधी डॉक्टर. परळचे केईएम रुग्णालय त्याच्या कामापासून जवळ आहे. तेथे केसपेपर काढून मनोविकार विभागात व्यसनमुक्तीसाठी आलो आहोत असे सांगावे. शरीर सावरण्याची औषधे आणि बी-1 जीवनसत्त्व तेथे देतात. एए स्वतः औषध देत नाही, म्हणून उपचार आणि मीटिंग दोन्ही बरोबरीने चालू द्यावेत. 14446 या केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळते.

पावडर कृपा करून आणू नका. तिच्यात काय असते ते पाकिटावर धड लिहिलेले नसते. डायसल्फिरमसारखे दारू सोडवण्याचे औषध माणसाच्या नकळत पोटात गेले आणि वर तो प्यायला, तर उलट्या होऊन रक्तदाब कोसळू शकतो आणि जीवही जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन.

अल-अनॉनला जाणारी एक पत्नी

ताई, अल-अनॉन ही पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेली वेगळी मीटिंग आहे; 1951 पासून ती स्वतंत्र संघटना आहे. आईला घेऊन आपण तिथे जा, भाऊ एएला जाओ अथवा न जाओ. त्याच्या वतीने साहेबांना "ताप आला आहे" असे फोन करणे, त्याची उधारी फेडणे, खिसे तपासणे, यांत घरातल्या बायकांचे आयुष्य कसे निघून जाते ते तिथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक असते. आईचा पावडरीचा हट्टही तिथल्या बायकांशी बोलल्यावर सुटेल, असे मला मनापासून वाटते.

भांडुपची ताई

सर्वांची मी ऋणी आहे. सोमवारी सुट्टी टाकून केईएमला नेते. एकच शंका राहिली: त्याला दुपारपाळी लागली की संध्याकाळची मीटिंग चुकणार, मग काय करावे?

दादरचा एक सदस्य

त्या आठवड्यात ऑनलाइन मीटिंगला बसता येते. कॅमेरा बंद ठेवला तरी हरकत नसते. पहिल्याच दिवशी दोन-तीन सदस्यांचे फोन नंबर घेऊन ठेवायला सांगा, म्हणजे पाळी सुटल्यावर तलफ आली तर तो त्यांच्याशी बोलू शकेल. हेल्पलाइनला आधी कल्पना दिलीत तर पहिल्या खेपेला एखादा सदस्य बहुधा स्टेशनवर भेटायलाही येईल.